चारशेचा प्रोसेसर खाली, थ्री-डी कार्ड वर

आमच्या घरात कुठलीही वस्तू एकटी आली नाही. सायकल आली तर दोन, मनगटी घड्याळ आलं तर दोन. दसऱ्याला साड्या घ्यायच्या तर आईला आणि काकूला एकाच दुकानातून, एकाच किमतीच्या; रंग तेवढे वेगळे. हा नियम आजोबांचा. त्यांचं आणि त्यांच्या सख्ख्या भावाचं एका शिवणयंत्रावरून बिनसलं होतं आणि मरेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आपल्या मुलांत तसं होऊ नये म्हणून त्यांनी ही तजवीज करून ठेवली: दोघांना सारखं. लहानपणी मला या नियमाचं फार कौतुक होतं. पुढं त्या नियमानं काय केलं ते बघायला आजोबा राहिले नाहीत, आणि जाब विचारायला माणूस जागेवर नसला की राग कुठं काढायचा हे मला अजून कळलेलं नाही.

घर बेंगळुरात, राजाजीनगरला, दोन मजल्यांचं. खाली आई, अण्णा आणि मी. अण्णा म्हणजे माझे वडील. काका त्यांना अण्णा म्हणायचे, तीच हाक घरभर झाली आणि मीही तीच उचलली. वर काका, काकू आणि त्यांचा मुलगा. तो माझ्यापेक्षा सहाच महिन्यांनी धाकटा, पण इथल्या रीतीप्रमाणं मला अक्का म्हणायचा. मला सख्खं भावंड नाही, त्यालाही नाही. 'चुलत' हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. स्वयंपाकघर एकच, खालचं, आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत दोघा भावांचं मिळून एक वर्कशॉप. मोठ्या कारखान्यांना लागणारे छोटे सुटे भाग तिथं बनायचे. अण्णा लेथवर उभे असायचे, काका स्कूटरवरून गावभर फिरून ऑर्डरी आणायचे.

नव्वदच्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं होती ती. ऑर्डरी आटल्या होत्या. अण्णांचं म्हणणं, जुनी लेथ काढून नवं मशीन घेऊ, काम बारीक निघालं की गिऱ्हाईक आपोआप येईल. काकांचं म्हणणं, गिऱ्हाईक आधी शेडचं तोंड बघतं. पुढं एक बरीशी केबिन काढू, पंखा आणि खुर्च्या ठेवू, मग मशीनचं बघू. दोघांचं थोडं थोडं बरोबर होतं, आणि म्हणूनच कोणी मागं हटत नव्हतं. जेवताना आधी वाद व्हायचे, नंतर वादही होईनासे झाले. भात वाढल्याचा तेवढा आवाज. त्याच सुमारास काकूनं आईला सांगितलं, की काकांनी वेगळं राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला, एक जागा बघून ठेवलीय. मी ते दाराआडून ऐकलं. काका गेले म्हणजे तोही गेला, माझा भाऊ. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

अशा दिवसांत आमच्याकडं कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. दोघंही कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होतो, त्यामुळं नाही म्हणायला कोणाला तोंड नव्हतं. अण्णा म्हणाले, "एकच घेऊ. दोघं मिळून वापरतील की."

"ठेवायचा कुठं?" काकांनी विचारलं. "खाली ठेवला तर तो तुमचा होतो. वर ठेवला तर आमचा."

मग नियमाप्रमाणं वर्कशॉपमधून दोघांनी सारखी रक्कम उचलली आणि वेगवेगळ्या दिवशी दोघं एस. पी. रोडला गेले. तिथं तेव्हा कॉम्प्युटर तयार मिळत नसे, जुळवून घ्यावा लागे. कॅबिनेट एका दुकानातलं, मॉनिटर शेजारच्या, आणि प्रत्येक दुकानदार शेजाऱ्याची वस्तू कशी टाकाऊ आहे ते सांगणार.

अण्णांबरोबर मी गेले. दुकानदारानं विचारलं, "गेमिगा, आफीसिगा?" म्हणजे खेळायला हवाय की ऑफिसला. अण्णांना प्रश्नच आवडला नाही. त्यांनी सगळ्या प्रोसेसरांत वेगवान कोणता ते विचारलं आणि चारशे मेगाहर्ट्झचा उचलला. मी हळूच म्हणाले, की चित्रासाठी वेगळं थ्री-डी कार्ड मिळतं, तेही बघू या. अण्णा म्हणाले, "मशीनचा जीव मोटरीत असतो. रंग मग बघू." मग बघायला पैसे शिल्लक उरले नाहीत.

काका आपल्या मुलाला घेऊन गेले ते दुसऱ्या दुकानात. तिथं दाराशीच एका मॉनिटरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावून ठेवला होता. ओला रस्ता, रस्त्यात आभाळाची सावली, गाडीच्या टपावर चकाकणारं ऊन. काका बघत उभे राहिले. हे कशामुळं, म्हणून त्यांनी विचारलं, आणि दुकानदारानं एक हिरवी पट्टी त्यांच्या हातात दिली. तेच थ्री-डी कार्ड. काकांनी ते नवं कोरं घेतलं आणि उरलेल्या पैशांत कोणीतरी वापरून विकलेला दोनशे मेगाहर्ट्झचा कॉम्प्युटर बसवला. तो मला नंतर म्हणाला, "अक्का, मी बेडा बेडा म्हणत होतो, नको म्हणून. ऐकतायत कोण?"

असे आमच्या घरात दोन कॉम्प्युटर आले आणि दोन्ही अर्धवट. शर्यतीचा तो खेळ आम्ही दोन्हीकडं घातला. खालच्या कॉम्प्युटरवर गाडी पळायची, पण रस्ता म्हणजे करड्या चौकोनांची गोधडी, झाडं म्हणजे हिरवे ठोकळे. चित्र मोठं आणि स्वच्छ करायला जावं तर गाडी बैलगाडीच्या चालीनं रांगायची. वरच्या कॉम्प्युटरवर चित्र असं, की बघत बसावं. एकटी गाडी सरळ रस्त्यावर असली की सगळं छान. वळणावर चार गाड्या एकत्र आल्या की चित्र थबके, आवाज फाटे, आणि पुन्हा हलेस्तोवर आपली गाडी कठड्यात.

पाहुणे आले की काका त्यांना थेट वर न्यायचे आणि सरळ रस्त्याचा भाग दाखवायचे. अण्णा खाली बसून कोणी विचारलं नसताना सांगायचे, की आपला चारशेचा आहे. एका रविवारी अण्णा न राहवून वर गेले. काका स्वतः गाडी चालवत होते. वळण आलं, चित्र थांबलं. अण्णा म्हणाले, "अडकलं," आणि खाली निघून आले. तासाभरानं काका खाली आले, आमच्या मॉनिटरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय, विटा पळायल्यात काय?" पूर्वी अशा टोमण्यावर दोघं खो खो हसले असते. या वेळी अण्णांनी मॉनिटर बंद केला.

दोष कोणाच्या वस्तूत नव्हता, हे आम्हा दोघांना लवकरच कळलं. आम्ही एक साधी परीक्षा घेतली. वरच्या कॉम्प्युटरवर चित्राचा आकार निम्मा केला. वेग तसूभर वाढला नाही. म्हणजे रंगवायचं काम जड जात नव्हतं. कार्ड रिकामं बसून होतं. कुठली गाडी कुठं आहे, किती घसरली, रस्ता किती वळला, हा हिशेब प्रोसेसरनं करून द्यायचा असतो, आणि दोनशेच्या त्या बिचाऱ्याला तो पुरा होत नव्हता. खालच्या कॉम्प्युटरवर आकार कमी केल्याबरोबर गाडी सुसाट सुटली. तिथं हिशेब केव्हाच होऊन जायचा, पण चित्रही त्यालाच रंगवायला लागायचं आणि त्यात तो दमायचा. एकाकडं करायला काम नव्हतं, दुसऱ्याकडं मावत नव्हतं.

"म्हंजे दोघं पण शहाणेच की, अक्का," तो म्हणाला. "जागा चुकल्यात."

मी हे अण्णांना समजावून सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वरचं कार्ड आपल्यापेक्षा चांगलं, असं म्हणतेस?" वर तोही आपल्या वडिलांना सांगायला गेला होता. काकांनी त्याला विचारलं, "म्हंजे खालचा प्रोसेसर आपल्यापेक्षा भारी?" आम्ही दोघं जिन्यात भेटलो आणि एकमेकांची उत्तरं ऐकून डोक्याला हात लावला. इतकी चीड मला आयुष्यात क्वचित आली असेल. वर्कशॉपमध्ये हेच चाललं होतं, जेवायला बसल्यावर हेच, आणि आता कॉम्प्युटरमध्येही हेच.

मग मला वाटलं, सांगून नाही कळत तर दाखवावं. ते कार्ड कुठल्याही कॉम्प्युटरच्या खाचेत बसणारं होतं. एक स्क्रू काढायचा, मागची एक छोटी वायर बदलायची, झालं. कार्ड त्याचंच होतं आणि तो आनंदानं तयार झाला. नवरात्र चालू होतं. आई आणि काकू मल्लेश्वरमला फुलं आणायला गेल्या होत्या, दोघे भाऊ पीण्याला. आम्ही कार्ड खाली आणून चारशेच्या कॅबिनेटमध्ये बसवलं आणि खेळ लावला.

चारही गाड्या वळणावर एकदम आल्या आणि काहीही थांबलं नाही. रस्ता ओला होता, आभाळ रस्त्यात होतं, आमची गाडी दोघींच्या मधून निसटून पुढं गेली. तो पडद्याकडं झुकला. मग म्हणाला, "अय्यो अक्का, ऊन बघ की." बॉनेटवरून ऊन सरकत होतं. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. हे दोघांना शेजारी बसवून दाखवायचं, बस. हे बघितल्यावर कोणी के. आर. पुरमचं नाव काढणार नाही, अशी माझी खात्री होती. लोक हसतील, पण मला ती कल्पना आजही वेडगळ वाटत नाही. आपलं अर्धं आणि त्याचं अर्धं मिळून काय होतं, हे डोळ्यांनी बघायची संधी किती भावांना मिळते?

दाखवायचं ते विजयादशमीला. बेंगळुरात आयुधपूजेचं प्रस्थ मोठं. आदल्या दिवशी घरातलं आणि कारखान्यातलं प्रत्येक हत्यार, प्रत्येक यंत्र उघडून पुसायचं, तेल द्यायचं. नवमीला गंध, कुंकू, झेंडू वाहून ते पूजेला लावायचं, त्या दिवशी काही चालवायचं नाही. आणि दशमीला सकाळी पुन्हा हातात घ्यायचं. आमच्याकडं वरच्या आणि खालच्या सगळ्या वस्तू त्या दिवशी पुढच्या खोलीत एकत्र मांडत. मिक्सर, शिवणयंत्र, काकांचं हेल्मेट, अण्णांची मोजपट्टी. वर्षातून तेवढाच एक दिवस वस्तूंना मजला नसे. कॉम्प्युटर तिथंच ठेवायचा आणि तिथंच चालू करायचा, असं आमचं ठरलं. कॅबिनेट आम्ही पुसू, कोणी उघडू नका, असंही मी सांगून ठेवलं होतं.

पण अष्टमीला काकांनी वरच्या वस्तू खाली आणल्या नाहीत. त्यांनी स्वतःचा वेगळा नारळ आणला, पूजेनंतर दृष्ट काढून फोडायचा कोहळाही वेगळा आणला. आईनं तो कोहळा जिन्यावरून वर जाताना बघितला आणि हातातलं काम टाकून बसली. अण्णांनीही बघितला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि आमच्या खोलीत गेले. मी मागून ओरडले, "अण्णा, कॉम्प्युटर मी पुसते." ते म्हणाले, "आयुध ज्याचं त्यानंच पुसायचं असतं." मी पुरणाचे हात धुऊन पोचेपर्यंत कॅबिनेट उघडं होतं आणि कार्ड त्यांच्या तळहातावर होतं.

"हे वरचं ना?"

मी तेव्हाच सगळं सांगितलं. का आणलं, काय बघितलं, काय दाखवणार होतो. मला वाटलं चिडतील. ते खिडकीच्या उजेडात कार्ड फिरवून फिरवून बघत राहिले. "छान काम आहे," म्हणाले. "एकाही डाखाला गाठ नाही." मग मला म्हणाले, "तू जा, आईला मदत कर. हे मी देतो नेऊन."

नवमीला त्यांनी ते कार्ड आपल्या हत्यारांबरोबर पूजेला ठेवलं. सगळ्या वस्तूंना लावतात तसं ओलं गंध त्यालाही लावलं, वर कुंकू. लेथला गंध लावताना ते नेहमी जिथं दोन भाग एकमेकांत बसतात तिथं लावत, कारण झीज तिथंच होते, रक्षण तिथं हवं. त्याच समजुतीनं त्यांनी कार्डाच्या सोनेरी कडेलाही गंध लावलं, जी कड खाचेत बसते. मी ते पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आरती थांबवून किंचाळले असते.

आरती झाल्यावर त्यांनी कार्ड नव्या खणात गुंडाळलं आणि कित्येक आठवड्यांनी जिना चढले. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होते. "हे तुझं," ते म्हणाले. "पोरांनी खाली आणलं होतं. पूजा करून देतोय." काकांनी दोन्ही हातांनी घेतलं असणार, कारण काकू म्हणाली, "डोळ्यांना लावा आधी." मग काका म्हणाले, "या अण्णा, बसा की स्वल्प." अण्णा बसले. जुन्या लेथचं काहीतरी बोलणं निघालं आणि दोघं हसले. जिन्यात माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. रात्री काका खाली जेवायला आले आणि पुरणपोळीवर तूप मागून घेतलं. आता काही दाखवायची गरजच नाही, असं मला वाटलं.

दशमीला सकाळी काकांनी मुलाला कार्ड परत वरच्या कॉम्प्युटरमध्ये बसवायला सांगितलं. त्याला कडेला गंध दिसलं आणि तो फडक्यानं पुसायला लागला. काका म्हणाले, "हात लावू नकोस. पूजेचं आहे, अण्णांनी लावलंय." त्यानं दोनदा सांगून बघितलं. काका ऐकेनात. शेवटी त्यानं ते तसंच बसवलं आणि बटण दाबलं. पडदा काळा राहिला. मग जळक्याचा वास आला.

बापलेकांनी ते कार्ड एस. पी. रोडला नेलं. दुकानदारानं भिंग लावलं, सोनेरी कडेत अडकलेला लाल-पिवळा थर नखानं दाखवला आणि म्हणाला, "होय्तु." संपलं. काका घरी आले ते सरळ अण्णांसमोर उभे राहिले. ओरडले नाहीत. मी तिथं होते म्हणून सांगते, त्यांचा आवाज साधा होता.

"कडेला गंध तुम्ही लावलं?"

"लावलं. तिथंच लावायचं असतं."

"त्यानं गेलं ते. सरी, असू दे, गेलं तर गेलं. एकदा म्हणा, चुकलं म्हणून. मला दुसरं काही नको."

मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, अण्णा, म्हणा. एक शब्द. शेवटी ते म्हणाले, "पूजा चुकली म्हणू? तीस वर्षं मशीनला गंध लावतोय. माझ्या हातानं आजवर एक मशीन गेलेलं नाही."

"चुकून नाही म्हणता," काका म्हणाले, "म्हंजे मुद्दामच की."

मी मध्ये पडले. कार्ड पाहून अण्णा काय म्हणाले, किती जपून त्यांनी ते गुंडाळलं, सगळं काकांना सांगितलं. पुसायला निघालेल्या मुलाचा हात त्यांनीच धरला, हेही सांगितलं, आणि तेही सरळ शब्दांत. काका माझ्याकडं बघून म्हणाले, "तू खालचीच. खालचंच बोलणार." लहानपणापासून त्यांच्या स्कूटरवर पुढं उभी राहून मी शाळेत गेलेली. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी खालची आहे.

त्यानंतर मी अण्णांच्या मागं लागले. जेवताना, पीण्याला निघताना, देवाला नमस्कार करताना. एकदा म्हणा, तुमचं काय जातं? ते म्हणायचे, "मग आजवर जे केलं ते काय होतं?" मला त्यांची अडचण कळत होती. चुकलं म्हटलं की हात चुकला, आणि हात चुकला की त्या हातांवर उभं राहिलेलं सगळंच चुकलं. कळत होतं, तरी राग येत होता. आपला भाऊ चाललाय आणि हे हातांची अब्रू सांभाळत बसलेत. आणि काकांचा राग त्याहून जास्त. ते कार्ड त्यांनीच पुसू दिलं नव्हतं, पण ते त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

अण्णांनी त्यांच्या पद्धतीनं उपाय केला. ते एस. पी. रोडला गेले आणि तसंच नवं कार्ड घेऊन आले. एक नाही, दोन. नियम! एक वर पाठवलं, एक खाली मला दिलं. वरचं तासाभरात परत आलं, खोकंही न उघडता. बरोबर निरोप नव्हता. आईनं ते कपाटावर ठेवलं आणि अण्णांना म्हणाली, "शब्द मागितला होता त्यांनी. वस्तू नव्हती मागितली." आईला अण्णांशी असं बोलताना मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

आमच्या खोलीत तो खेळ आता अगदी सुरेख चालायचा. मी एकदाच लावून बघितला. ऊन बॉनेटवरून सरकलं, आणि मी बंद केला.

पौष लागायच्या आधी काकांनी सामान हलवलं. वर्कशॉपचीही वाटणी झाली: लेथ आणि बाकीची मशीनं अण्णांकडं राहिली, गिऱ्हाइकं काकांबरोबर गेली. अण्णा बिनकामाच्या मशीनना तेल देत बसायचे. काका आणलेली कामं दुसऱ्याच्या शेडमध्ये करून घ्यायचे आणि ती कशी वाईट होतात ते लोकांना सांगायचे. दोघांचंही बरं चाललं नव्हतं, आणि दोघंही तसं मान्य करत नव्हते.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन के. आर. पुरमला गेले. आईनं डबा भरून दिला होता, अण्णांनी बसस्टॉपपर्यंत सोडलं. काकूनं दारात मला घट्ट धरलं, रडली, मग हसली, "किती वाळलीस ग" म्हणाली. काका घरी नव्हते, की मी येणार म्हणून बाहेर गेले होते, कोण जाणे. तो धावत बाहेर आला आणि मला घर दाखवत सुटला. त्याचा दोनशेचा कॉम्प्युटर एका कोपऱ्यात झाकून ठेवला होता. "आता अभ्यासच करतो, अक्का," तो म्हणाला. आम्ही कॉलेजच्या गप्पा मारल्या, मास्तरांच्या नकला केल्या, आणि मला वाटलं, छे, काही बदललेलं नाही. उगाच घाबरत होते मी.

मग काकू कॉफी घेऊन आली. ट्रेमध्ये, कपबशीत, शेजारी दोन बिस्किटं. कप माझ्यापुढं धरून ती उभी राहिली. मला कसंतरीच झालं. मी म्हणाले, "कपात नको ग काकू, फुलपात्रात दे, नेहमीसारखी," आणि तिच्या हातातून ट्रे घेऊन हसत हसत स्वयंपाकघरात शिरले. डबे होते, ताटं होती, गाळणी होती. मी एक कपाट उघडलं, दुसरं उघडलं. तो माझ्या मागं येऊन उभा होता.

"फुलपात्रं कुठं असतात रे तुमच्याकडं?" मी त्याला विचारलं.

विचारून झाल्यावर मला ऐकू आलं मी काय म्हणाले ते. त्यालाही आलं. हात उंच करून त्यानं वरच्या फळीवरून एक काढलं, नळाखाली विसळलं आणि माझ्या हातात दिलं.